एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन पॅटर्न नाणी: पहिलं नाणं घेण्याआधी

नवं नाणं काढायचं ठरलं की टांकसाळ आधी थोडे नमुने पाडून पाहते. चित्र नीट उठतं का, धातू फार कठीण तर नाही, वजन हातात बरं वाटतं का, आणि मुख्य म्हणजे वरच्यांना ते पसंत पडतं का, हे त्या नमुन्यांवरून ठरतं. संग्राहक यांना पॅटर्न म्हणतात. बहुतेक पॅटर्न नापास झालेले असतात. जे नाणं कधी बाजारात आलंच नाही ते हातात धरायला मिळतं, म्हणून तर लोक या छंदाला लागतात.

हा लेख फक्त अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीबद्दल आहे. १८३३ ते १९०१ या काळात ही टांकसाळ चेस्टनट स्ट्रीटवरच्या तिच्या दुसऱ्या इमारतीत होती. तिथे इतके पॅटर्न पाडले गेले, आणि त्यांची इतकी बारकाईने नोंद झाली, की नवख्याला शिकायला याहून चांगलं मैदान नाही.

नवख्याला सगळे एकच सांगतात, "किती दुर्मीळ आहे ते बघ." माझं मत वेगळं आहे. आधी विचारा, हे नाणं पाडलं कशासाठी आणि कुणासाठी? दुर्मिळता, किंमत, खरं-खोटं हे सगळं त्यानंतर.

पायरी १: नमुना कुठल्या जातीचा ते ओळखा

या पायरीवर घाई करू नका, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. "पॅटर्न" या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली जात खऱ्या नमुन्यांची. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८५६ चा फ्लाइंग ईगल सेंट. तोवरचा अमेरिकन सेंट शुद्ध तांब्याचा, १६८ ग्रेन वजनाचा, चांगला दणदणीत होता. तांबं महागलं आणि सेंट पाडणं परवडेना. मग ८८ टक्के तांबं आणि १२ टक्के निकेल असलेला, फक्त ७२ ग्रेनचा छोटा सेंट पुढे आला. मुख्य खोदकार जेम्स लाँगेकर यांनी उडता गरुड घेतला आणि टांकसाळीने १८५६ सालचे काही शे नमुने पाडून काँग्रेसच्या सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना वाटले. २१ फेब्रुवारी १८५७ ला कायदा झाला. म्हणजे या नाण्याने आपलं काम चोख केलं. पण पुढे संग्राहकांची मागणी वाढली तेव्हा टांकसाळीने त्याच १८५६ सालाचे आणखी सेंट पाडले. एकाच नाण्याच्या पोटी दोन कहाण्या आहेत, एक प्रस्तावाची आणि एक विक्रीची.

दुसरी जात धातूच्या प्रयोगांची. मला स्वतःला हीच सगळ्यात आवडते. १८८३ सालचे पाच सेंटचे काही नमुने आपल्या अंगावरच धातू लिहून आले आहेत. एकावर शुद्ध निकेल, दुसऱ्यावर ७५ भाग निकेल आणि २५ भाग तांबं, तिसऱ्यावर निम्मं-निम्मं, चौथ्यावर ३३ आणि ६७. टांकसाळीला कुठलं मिश्रण चालतं ते पाहायचं होतं, म्हणून तिने लेबलच नाण्यावर कोरलं. त्याआधी १८७८ ते १८८० दरम्यान गोलॉइडचं प्रकरण झालं. विल्यम व्हीलर हबेल यांनी सोनं, चांदी आणि थोडं तांबं एकत्र करून एक मिश्रधातू काढला होता. १८७९ च्या गोलॉइड मेट्रिक डॉलरवर १५.३ भाग सोनं, २३६.७ भाग चांदी, २८ भाग तांबं, वजन १४ ग्रॅम, असा सगळा हिशेब कोरलेला आहे. कल्पना हुशारीची होती. अडचण एवढीच की हा धातू नुसत्या डोळ्यांना साध्या चांदीच्या नाण्यापेक्षा वेगळा दिसत नाही. सोनं न घालता कुणीही नकली पाडू शकला असता. प्रस्ताव तिथेच बारगळला.

तिसरी जात डायच्या चाचण्यांची. डाय म्हणजे नाण्यावर चित्र उठवणारा ठसा. नेहमीच्या चलनी नाण्याचेच डाय, पण धातू वेगळा: चांदीच्या डॉलरचे डाय तांब्यावर, सोन्याच्या नाण्याचे ॲल्युमिनियमवर. यातले काही खरोखर चाचणीसाठी होते. बरेचसे मात्र श्रीमंत हौशींसाठी संच म्हणून पाडले गेले, त्याच सालच्या प्रत्येक नाण्याची तांब्यात एक प्रत आणि ॲल्युमिनियममध्ये एक.

आणि मग चौथी जात, जिला सौम्य शब्दांत हौसेची नाणी म्हणता येईल. १८५३ ते १८६१ टांकसाळीचे संचालक असलेले जेम्स रॉस स्नोडेन यांना वॉशिंग्टनची पदकं जमवण्याचा नाद होता. टांकसाळीच्या संग्रहासाठी पदकं मिळवायची, म्हणून ते संग्राहकांना त्या बदल्यात जुन्या डायवरून नव्याने पाडलेली नाणी देत. वॉशिंग्टन पदकांचा तो संग्रह २२ फेब्रुवारी १८६० ला समारंभाने खुला झाला. त्यांच्यानंतर आलेल्या संचालकांपैकी हेन्री लिंडरमन यांचा तर स्वतःचाच पॅटर्नचा संग्रह होता. नाण्यावरचं साल एक आणि पाडलं दुसऱ्याच साली, किंवा एका डिझाइनची पुढची बाजू भलत्याच मागच्या बाजूशी जुळवलेली, असे प्रकार या काळात सर्रास झाले. 'इन गॉड वी ट्रस्ट' हे बोधवाक्य असलेले १८६३ आणि १८६४ सालचे चांदीचे काही नमुने आज या मागाहून पाडलेल्यांत धरले जातात.

आपल्याकडच्या संग्राहकांना रीस्ट्राइक, म्हणजे जुन्या डायवरून मागाहून पाडलेलं नाणं, हा प्रकार नवा नाही. मुंबई आणि कोलकाता टांकसाळींनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्यांचे रीस्ट्राइक हौशींसाठी पाडले होतेच. फरक एवढा की अमेरिकन पॅटर्नमध्ये रीस्ट्राइक म्हणजे कमअस्सल असं समीकरण नाही. काही रीस्ट्राइक मूळ नाण्यापेक्षा दुर्मीळ आहेत. फक्त आपण काय घेतोय ते कळून घ्या.

पायरी २: जड क्रमांक शिका

ओमाहा शहरातले डॉ. जे. हेविट जड यांनी १९५९ मध्ये या नाण्यांचा ग्रंथ काढला. त्यातले क्रमांक आज जगभर चालतात. लिलावाच्या वर्णनात 'जे-२२८' दिसलं की तो जड क्रमांक. याआधी १९१३ ची ॲडम्स आणि वुडिन यांची यादी होती आणि नंतर १९९४ मध्ये अँड्र्यू पोलॉक यांची आली, म्हणून जुन्या वर्णनांत दोन-दोन, तीन-तीन क्रमांक दिसतात. एकोणिसावं शतक संपेपर्यंत जडचे क्रमांक साडेसतराशेच्या पुढे जातात. घाबरू नका, सगळे पाठ करायचे नाहीत.

लक्षात ठेवायचं ते हे: चित्र तेच, साल तेच, पण धातू बदलला की क्रमांक बदलतो. कड बदलली तरी बदलतो. १८६९ ची स्टँडर्ड सिल्व्हर मालिका बघा. यादवी युद्धाच्या काळात सुट्या पैशांसाठी छापलेल्या कागदी नोटा परत घ्यायच्या होत्या, त्यांच्या जागी कमी वजनाची चांदी द्यावी असा विचार होता. डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पाव डॉलर) आणि हाफ डॉलर अशी तीन नाणी. प्रत्येकावर लिबर्टी या स्वातंत्र्यदेवतेची तीन वेगवेगळी मुंडकी. धातू तीन: चांदी, तांबं, ॲल्युमिनियम. कड दोन प्रकारची: दातेरी आणि साधी. गुणाकार केला तर एकाच वर्षाचे ५४ नग होतात, आणि ५४ ही वेगळे क्रमांक. पहिलं कारण प्रामाणिक होतं, पण ॲल्युमिनियमच्या साध्या कडेच्या डाइमची गरज कोषागाराला कशाला पडली असेल, हे तुम्हीच ठरवा.

पुस्तक विकत घ्या, जुनी आवृत्ती चालेल. पॅटर्नवरच वाहिलेली यूएसपॅटर्न्स डॉट कॉम ही साइट फुकट आहे, तिथे चित्रांसकट बरीच माहिती मिळते.

पायरी ३: दुर्मिळतेचं कोष्टक वाचा, पण त्याला भुलू नका

कोष्टक सोपं आहे. आर-८ म्हणजे एक ते तीन नग ज्ञात, आर-७ म्हणजे ४ ते १२, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-४ म्हणजे ७६ ते २००.

चलनी नाणी गोळा करणाऱ्याला आर-७ ऐकून धडकी भरते. पॅटर्नमध्ये आर-७ पैशाला पासरी आहेत. जगात दहाच नग असलेला स्टँडर्ड सिल्व्हरचा तांब्याचा हाफ काही हजार डॉलरमध्ये मिळू शकतो. उलट १८७९ चा फ्लोइंग हेअर स्टेला चारशेच्या वर नग असूनही लाख डॉलरच्या पुढे जातो.

का? स्टेला चार डॉलरचं सोन्याचं नाणं आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीतले अमेरिकन राजदूत जॉन कॅसन यांनी ते सुचवलं, युरोपातल्या नाण्यांच्या जवळपास जाईल असं आंतरराष्ट्रीय नाणं म्हणून. वर धातूचा हिशेब कोरलेला आहे, ६ भाग सोनं, ०.३ चांदी, ०.७ तांबं, वजन ७ ग्रॅम. चार्ल्स बार्बर यांनी मोकळ्या केसांची लिबर्टी केली, जॉर्ज मॉर्गन यांनी अंबाड्याची. सोन्याची नाणी प्रकारांनुसार जमवणाऱ्या प्रत्येकाला ते एक हवंच असतं. म्हणजे मागणी पॅटर्नवाल्यांच्या बाहेरून येते. पॅटर्नची किंमत अशी ठरते: किती नग आहेत यापेक्षा किती जणांना हवंय यावर. जाता जाता, स्टेला पाहताना कडेवर दागिन्याची कडी बसवल्याचा डाग आहे का ते जरूर बघा, पूर्वी अनेक स्टेला गळ्यात गेले आहेत.

पायरी ४: एक धागा पकडा, मग खिसा बघा

सगळे पॅटर्न जमवायला कुणी जाऊ नये. एक प्रश्न निवडा आणि त्याची नाणी शोधा.

माझी पहिली शिफारस छोट्या सेंटची आहे. १८५६ चा मोठा भाव सोडा. १८५८ मध्ये टांकसाळीने गरुडाच्या जागी काय आणावं याचे बरेच प्रयोग केले: मोठा गरुड, छोटा गरुड, इंडियन हेड (पिसांचा मुकुट घातलेलं मुंडकं), आणि मागे चार प्रकारच्या माळा. यातून बारा नाण्यांचे संच संग्राहकांना विकले गेले. १८५९ चा जे-२२८ तर फारच छान. त्याच्या मागे ओकच्या पानांची माळ आणि वर ढाल आहे, आणि हेच डिझाइन १८६० पासून चलनात आलं. म्हणजे पुढच्या वर्षीचं नाणं एक वर्ष आधी. हे सेंट चांगल्या अवस्थेत साधारण हजार-दोन हजार डॉलरपासून मिळतात. पॅटर्नच्या जगात ही खालची पायरी आहे.

दुसरा धागा बोधवाक्याचा. १३ नोव्हेंबर १८६१ ला पेन्सिल्व्हेनियातले पाद्री एम. आर. वॉटकिन्सन यांनी अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहिलं, की नाण्यांवर देवाचा उल्लेख असावा. तिथून 'गॉड अवर ट्रस्ट' लिहिलेले हाफ डॉलर आणि दहा डॉलरचे नमुने आले. १८६३ च्या दोन सेंटच्या एका नमुन्यावर वॉशिंग्टनचं मुंडकं आणि 'गॉड अँड अवर कंट्री' आहे, तो जे-३०५. शेवटी १८६४ च्या दोन सेंटवर 'इन गॉड वी ट्रस्ट' पक्कं झालं. तीन-चार नाण्यांत एका वाक्याचा प्रवास मांडता येतो.

सौंदर्याच्या मागे लागलात तर खर्च वाढेल. विल्यम बार्बर यांची १८७२ ची ॲमेझोनियन, मॉर्गन यांचा १८७९ चा 'स्कूलगर्ल' डॉलर, त्यांचीच १८८२ ची 'शील्ड इअरिंग' मालिका, ही अमेरिकन नाण्यांतली देखणी कामं आहेत. चलनात आलेल्या कित्येक नाण्यांपेक्षा सरसच. चांदीतला नग लाखो रुपयांच्या खाली सहसा येत नाही. तांब्यातला त्याच डिझाइनचा नग अनेकदा बऱ्याच कमी भावात मिळतो, आणि चित्र तेच असतं.

१८३६ च्या गोब्रेक्ट डॉलरपासून मात्र सुरुवात करू नका. जडच्या पुस्तकात तो आहे खरा, पण १८३६ मध्ये पाडलेले पहिले एक हजार चलनासाठीच होते. पुढे १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून रीस्ट्राइक आले. दोन्ही बाजूंच्या डायची परस्परदिशा, तडे, वजन, यावरून मूळ कुठला आणि मागाहूनचा कुठला यावर जाणकारांचेच वाद होतात.

पायरी ५: वजन, कड, धातू

एक दशांश ग्रॅमपेक्षा बारीक वाचणारा काटा घ्या. घनता मोजायला साधं पाण्याचं भांडं पुरतं: नाणं हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत तोला, आणि हवेतलं वजन त्या दोन वजनांतल्या फरकाने भागा. अर्थात हे स्लॅबबाहेरच्या नाण्यालाच (स्लॅब म्हणजे दर्जा ठरवून नाणं बंद केलेली प्लास्टिकची डबी), आणि तेही विकणाऱ्याची परवानगी असेल तर. तांब्याचं आठ-नऊच्या मध्ये, साधारण ८.९ येईल, ९० टक्के चांदीचं १०.३ च्या आसपास, ॲल्युमिनियमचं २.७, ९० टक्के सोन्याचं १७ च्या थोडं वर. चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे पॅटर्न बाजारात असतात, ते इथे पकडले जातात.

पण निकेलचा फेरा आहे. निकेलची घनताही ८.९ च असल्यामुळे तांबं आणि तांबं-निकेल यांत पाण्याचा काटा काही सांगत नाही. तिथे क्ष-किरणांनी धातू मोजणारं यंत्र लागतं, जे आता बऱ्याच सराफांकडेही असतं. शुद्ध निकेलचा नमुना चुंबकाला चिकटतो, चलनी पाच सेंटच्या २५ टक्के निकेलचा चिकटत नाही. एवढी चाचणी घरी होते.

१८५६ च्या सेंटच्या बाबतीत वजन उपयोगाचं नाही, कारण नकली करणारे १८५८ च्या अस्सल सेंटवरचा शेवटचा आकडा खरवडून ६ करतात. धातू अस्सल, वजन अस्सल. भिंगाखाली ५ चा आकडा बघा. खऱ्या १८५६ मध्ये त्याचा उभा दांडा खालच्या गोळ्याच्या मध्याकडे रोखलेला असतो. १८५८ मध्ये तो गोळ्याच्या बाहेर जातो. ६ कडे सगळेच पाहतात, म्हणून चोर ६ नीट करतो.

पायरी ६: विकत घेणं

सुरुवातीला पीसीजीएस किंवा एनजीसी या दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या स्लॅबमधलंच घ्या. स्लॅबही नकली निघतात, तेव्हा प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळवा. लेबलवर जड क्रमांक, धातू आणि दर्जा असतो. तांब्याच्या नाण्यांना रंगाचीही नोंद असते, तपकिरी, लाल-तपकिरी आणि लाल. कड दिसेल अशी खिडकी असलेला स्लॅब मिळाला तर उत्तम, कारण इथे कडेवर क्रमांक ठरतो.

हेरिटेज आणि स्टॅक्स बाउअर्स या लिलावगृहांच्या साइटवर जुने निकाल फोटोंसह मिळतात. बोली लावण्याआधी त्याच जड क्रमांकाचे मागचे दहा-पंधरा वर्षांचे निकाल बघून ठेवा. तीन नगच ज्ञात असतील तर निकाल दोनच मिळतील, मग शेजारच्या क्रमांकाचे बघा. हातोडीच्या भावावर साधारण २० टक्के खरेदीदाराचं कमिशन चढतं. आपला आकडा त्यासकट ठरवा, लिलावाच्या भरात नाही.

मालकीची साखळी मिळाली तर जपा. बाल्टिमोरच्या गॅरेट घराण्याचा संग्रह, इजिप्तचा राजा फारुख याचा १९५४ मध्ये कैरोत विकला गेलेला संग्रह, डॅलसच्या हॅरी बास यांचा संग्रह ही नावं लेबलवर असली की भाव चढतो आणि खात्रीही वाढते. पण पॅटर्नच्या बाजाराला खरा आकार दिला तो विल्यम वुडिन यांनी. १९०९ मध्ये त्यांनी १८७७ चे पन्नास डॉलरचे दोन सोन्याचे पॅटर्न, हाफ युनियन, प्रत्येकी १०,००० डॉलरना घेतले. एवढा भाव तोवर कुठल्याही अमेरिकन नाण्याला मिळाला नव्हता. दोन्ही एकमेव. ओरड झाली की ही तर सरकारची मालमत्ता. शेवटी वुडिन यांनी ती परत केली आणि मोबदल्यात टांकसाळीकडून पॅटर्नचा प्रचंड साठा मिळवला. आज फिरणारे कितीतरी नग त्या देवाणघेवाणीतून आले आहेत, आणि ती दोन सोन्याची नाणी स्मिथसोनियनमध्ये आहेत. हेच वुडिन १९३३ मध्ये रूझवेल्ट यांचे अर्थमंत्री झाले. त्या वर्षी लोकांकडचं सोनं जमा करायचा हुकूम निघाला, त्यात दुर्मीळ नाण्यांना सूट होती. संग्राहक मंत्रिपदावर असण्याचे असेही फायदे.

कायद्याची भीती म्हणाल तर एकोणिसाव्या शतकातले पॅटर्न उघडपणे विकले जातात. विसाव्या शतकातले जपून घ्या. १९७४ चा डेन्व्हर टांकसाळीचा ॲल्युमिनियमचा सेंट सरकारने अखेर परत घेतला.

पायरी ७: सांभाळणं

पुसू नका. एवढंच पुरे आहे, पण तांब्याबद्दल दोन वाक्यं जास्त. कोकणात किंवा मुंबईत ठेवत असाल तर डब्यात सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ते बदलत राहा. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या हिरवा चिकटा आणतात. ॲल्युमिनियमचे नमुने मऊ असतात, ओरखडे पटकन येतात, म्हणून स्लॅबमधून बाहेर काढू नका.

पायरी ८: भारतात आणायचं की नाही

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी हे सोडून द्यावं. भारतात मागवणाऱ्यांनी कस्टमचा दर, धातूनुसार लागणारे नियम आणि पैसे पाठवण्याची कागदपत्रं यांची चौकशी खरेदीच्या आधी कस्टम एजंटकडे करावी, पार्सल विमानतळावर अडकल्यावर नाही. बीजक, लिलावाची पावती, आयातीचे कागद कायम जपा.

दुसरा मुद्दा विकण्याचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूच्या व्याख्येत येतं, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकन पॅटर्नचा खरा बाजार अमेरिकेत आहे. इथे आणलेला नग उद्या डॅलसच्या लिलावात पाठवायचा म्हटलं तर पंचाईत होईल. तिकडे मुलगी, भाऊ, जुना मित्र असेल आणि त्याच्या बँकेच्या लॉकरमध्ये जागा असेल, तर नाणं तिकडेच राहू द्या, आणि इकडे फोटो, पुस्तक आणि जड क्रमांकांची वही ठेवा.